वेबसाइट शिकायची आहे? आधी एचटीएमएल, मग ड्रॅग-अँड-ड्रॉप

हुबळी-धारवाडला संगणकाच्या शिक्षणाची वाण नाही. १९४७ साली सुरू झालेले हुबळीचे बी.व्ही.बी. अभियांत्रिकी महाविद्यालय आज केएलई तंत्रविद्यापीठ आहे, धारवाडला २०१५ मध्ये ट्रिपल आयटी आणि २०१६ मध्ये आयआयटी आली, गोकुळ रोडला इन्फोसिसचा परिसर आहे. तिथे पोहोचलेल्यांना या लेखाची गरज नाही. हा लेख आहे तो बी.ए. किंवा बी.कॉम. करता करता हाताला काहीतरी कसब असावे असे वाटणाऱ्या मुलामुलींसाठी, वर्षानुवर्षे कोरलड्रॉवर पत्रिका आणि पॅम्फ्लेट जुळवणाऱ्या डीटीपी कारागिरांसाठी, आणि आपल्या दुकानाची वेबसाइट आपणच करू पाहणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी. या सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणते सॉफ्टवेअर शिकू? वर्डप्रेस, विक्स, फिग्मा, की ड्रीमवीव्हर? माझे म्हणणे असे की हा प्रश्न महिनाभर बाजूला ठेवावा. तो महिना एचटीएमएल (मजकुराचा प्रत्येक तुकडा काय आहे ते सांगणारी) आणि सीएसएस (तो कसा दिसावा ते सांगणारी) या दोन भाषांना द्यावा, तोही साध्या नोटपॅडवर, हाताने लिहून. त्यानंतर कोणतेही सॉफ्टवेअर उचला, ते तुमच्या ताब्यात राहील. उलट क्रमाने शिकलात तर तुम्ही त्या सॉफ्टवेअरच्या ताब्यात राहाल.

हे मत जुन्या पद्धतीच्या प्रेमातून आलेले नाही. गेल्या तीसेक वर्षांत या साधनांचे काय झाले ते पाहिले की ते आपोआप पटते. मायक्रोसॉफ्टने १९९६ च्या आरंभी फ्रंटपेज विकत घेतले. कोडला हात न लावता पान तयार करून देणारे हे सॉफ्टवेअर म्हणजेच वेब डिझाइन, असे एका पिढीने मानले. २००६ मध्ये ते बंद झाले. फ्लॅश शिकलेल्यांची एके काळी चलती होती. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार कायमचा संपला आणि फ्लॅशमध्ये बांधलेल्या साइट ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या. ‘कोड न लिहिता वेबसाइट’ असे सांगत आलेले ॲडॉबीचे म्यूज २०१८ मध्ये थांबवल्याची घोषणा झाली आणि दोन वर्षांनी त्याचा आधारही गेला. आपल्या छोट्या व्यापाऱ्यांच्या अगदी जवळचे उदाहरण त्यानंतरचे आहे. गुगलच्या व्यवसाय-नोंदणीबरोबर चार बटणे दाबून एक पानाची फुकट वेबसाइट मिळत असे. मार्च २०२४ मध्ये गुगलने त्या सगळ्या साइट बंद केल्या. त्यांचे पत्ते १० जूनपर्यंत नोंदणीच्या पानाकडे वळवले जात होते, पुढे तेही थांबले. छापील कार्डावर आणि पाटीवर तोच पत्ता घातलेल्या दुकानदाराच्या हाती काहीच उरले नाही, कारण त्या पानाची फाइल त्याच्याकडे कधी नव्हतीच. आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेब जन्माला घातली. तिथल्या पहिल्या साइटची १९९२ मधली प्रत सर्नने जपून ठेवली आहे आणि ती आजच्या कोणत्याही मोबाइलवर उघडते, वाचता येते, तिच्यातल्या लिंकाही चालतात. साधने आली आणि गेली, मजकुराला खुणा करण्याची भाषा मात्र टिकली.

याचा अर्थ दृश्य साधने वाईट, असा कोणी काढू नये. बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये लिहिलेला पहिला ब्राउझर हाच मुळी संपादकही होता. त्यात पान वाचता वाचता तिथल्या तिथे लिहिता येत असे, आणि लोक टॅग, म्हणजे एचटीएमएलच्या खुणा, हाताने टाइप करत बसतील अशी त्यांची कल्पनाही नव्हती. माऊसने पान रचण्याची इच्छा वेबइतकीच जुनी आणि रास्त आहे. अडचण येते ती साधनाला पडद्यावर जे दिसते तेवढेच कळते म्हणून. एखादी ओळ मोठी आणि ठळक केली, की ती शीर्षक आहे की किंमत आहे की नुसतीच जाहिरातीची आरोळी, हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय समजत नाही. आणि काय सांगायचे हे ठाऊक नसलेला शिकाऊ ते सांगतच नाही.

नेमके काय सांगायचे ते धारवाडच्या लाइन बाजारातल्या एखाद्या पेढ्याच्या दुकानाचे पान डोळ्यांसमोर आणून पाहू. वर दुकानाचे नाव, खाली दोन ओळींची माहिती, मग पेढ्याचे प्रकार आणि दर, शेवटी पत्ता आणि फोन. चित्रसाधनात हे पान अर्ध्या तासात सुरेख दिसू लागते. एचटीएमएलमध्ये तेच लिहिताना प्रत्येक तुकड्याला तो काय आहे ते विचारावे लागते. दुकानाचे नाव हे पानाचे मुख्य शीर्षक, म्हणून त्याला ‘एच-वन’ ही खूण. माहितीच्या ओळी हा परिच्छेद, त्याला ‘पी’. दर हा तक्ता आहे, कारण एका रकान्यात वजन आहे आणि दुसऱ्यात रुपये. त्याला ‘टेबल’, आणि वरच्या ओळीतल्या ‘वजन’, ‘दर’ या शब्दांना तक्त्याच्या मथळ्याची वेगळी खूण. फोन नंबर ही लिंक आहे. तिच्या पत्त्यात ‘टेल’ हा शब्द, अपूर्णविराम आणि अधिक ९१ सह नंबर लिहिला की मोबाइलवर बोट लागताच फोन लावण्याची खिडकी उघडते. हाच नंबर दुकानाच्या फोटोवर सुंदर अक्षरांत कोरून टाकला तर गिऱ्हाइकाला तो कागदावर उतरवून घेऊन पुन्हा दाबावा लागतो. बरेच जण तेवढे करत नाहीत. पेढ्याच्या फोटोला ‘ऑल्ट’मध्ये दोन शब्दांचे वर्णन दिले की दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर ते वाचतो, आणि शोधयंत्रालाही फोटो कशाचा आहे ते कळते. या पाच-सहा निर्णयांत त्या दुकानदाराचा खरा फायदा आहे, आणि यातला एकही निर्णय पडद्यावर पाहून दिसत नाही.

आपल्या गावात या यादीत आणखी एका निर्णयाची भर पडते, आणि माझ्या मते तो सगळ्यांत महत्त्वाचा. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. आजही इथल्या घरांत, बाजारात, देवळांत कन्नड, मराठी, हिंदी, इंग्रजी शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे इथे बनणारे पान बहुधा एका भाषेचे नसते. एचटीएमएलमध्ये प्रत्येक तुकडा कोणत्या भाषेतला आहे ते ‘लँग’ या गुणधर्माने सांगता येते : मराठीला ‘एम-आर’, कन्नडला ‘के-एन’. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक तयार टेम्प्लेटमध्ये तिथे ‘ई-एन’, म्हणजे इंग्रजी, लिहिलेले असते आणि ते तसेच राहून जाते. मग मराठी मजकूर स्क्रीन रीडर इंग्रजी समजून वाचायला घेतो, आणि ऐकणाऱ्याला काही बोध होत नाही. डोळस वाचकालाही फरक पडतो. देवनागरीच्या ज्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे भरलेली असतात, तो फाँट ती वळणे मजकूर मराठी असल्याचे सांगितल्यावरच काढतो, एरवी हिंदी वळणाची अक्षरे दाखवतो. सगळ्या पानाला ‘एम-आर’ आणि मधल्या कन्नड परिच्छेदाला स्वतंत्र ‘के-एन’ असे लिहायला दहा सेकंदही लागत नाहीत. त्यापुढे सीएसएसमध्ये भाषेनुसार नियम देता येतात : कन्नड मजकुराला एक फाँट आणि ओळींत जरा जास्त अंतर, मराठीला दुसरा फाँट. हे जमले की तीन भाषांचे पान एका हाताने लिहिल्यासारखे दिसते.

टेम्प्लेट इंग्रजीसाठी रचलेली असल्याने आणखीही काही बिघडते. इंग्रजी शीर्षके मोकळी दिसावीत म्हणून अक्षरांमध्ये दोन-तीन पिक्सेलचे अंतर घातलेले असते. त्याच चौकटीत मराठी शीर्षक टाकले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची मोळी सुटते. चित्रसाधनात विद्यार्थी फाँट बदलून पाहतो, आकार बदलून पाहतो, शेवटी कंटाळून शीर्षकाचे चित्रच करून लावतो. सीएसएस ठाऊक असलेला मात्र ब्राउझरमध्ये त्या शीर्षकावर उजवे बटण दाबून ‘इन्स्पेक्ट’ उघडतो, ‘लेटर-स्पेसिंग’ ही ओळ शोधून ‘नॉर्मल’ करतो, आणि शिरोरेषा सांधली जाते. ओळींच्या अंतराचे तसेच. इंग्रजीला आकाराच्या १.२ पट ओळ-उंची पुरते. मराठीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, तर कन्नडमध्ये अक्षराखाली लोंबणारी जोडाक्षरे, त्यामुळे तेवढ्यात गर्दी होते आणि कधी अक्षरांची डोकी कापली जातात. १.६ पासून सुरुवात करावी आणि फाँट पाहून कमी-जास्त करावे. तिरपी अक्षरे देवनागरीत टाळावीत. बहुतेक देवनागरी फाँटमध्ये ती मुळात रचलेलीच नसतात, आणि ब्राउझर सरळ अक्षरे नुसती ढकलून तिरपी करतो.

डीटीपी करणाऱ्यांना इथे दोन शब्द वेगळे सांगायला हवेत, कारण हुबळी-धारवाडमध्ये या कामाला खरे लायक तेच आहेत. रकाना, समास, ओळींतले अंतर, शीर्षकाचे वजन ही नजर त्यांच्याकडे आधीच आहे, आणि ती कोणत्याही क्लासात तीन महिन्यांत मिळत नाही. त्यांना सोडाव्या लागतील अशा सवयी दोनच. पहिली जुन्या फाँटची. मराठीसाठी श्रीलिपी, कन्नडसाठी नुडी किंवा बरह यांच्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी किंवा कन्नड दिसतो, पण आत इंग्रजी चिन्हांच्या जागांवर साठवलेला असतो. वेबवर टाकला की तो फाँट नसलेल्या मोबाइलवर त्याची निरर्थक इंग्रजी अक्षरे होतात, आणि शोधयंत्राला तो सापडत नाही. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत, आणि फाइल जतन करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा. ‘आन्सी’ निवडला तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते. दुसरी सवय कागदाची. ए-फोर कागद सगळ्यांच्या हातात ए-फोरच असतो. वेबचे पान मात्र दुकानातल्या मोठ्या पडद्यावर एका रुंदीचे आणि गिऱ्हाइकाच्या साध्या अँड्रॉइडवर बहुधा ३६० पिक्सेल रुंदीचे. म्हणून ‘ही चौकट इथेच’ असे ठरवण्याऐवजी ‘जागा असेल तर शेजारी, नसेल तर खाली’ असा नियम लिहायचा असतो. सीएसएसमधले फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड हे याच कामासाठी आहेत. २०१७ पासून ग्रिड सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालते, तेव्हा शिकायला आता कसलीच हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप पैशाचा आणि वेळेचा येतो, आणि तो खरा आहे. गिऱ्हाइकाला आठवड्यात साइट हवी असते, आत काय लिहिले आहे हे तो पाहत नाही, आणि विक्सवर दोन दिवसांत काम उरकणाऱ्यालाच पैसे लवकर मिळतात. पण हिशेब पुढच्या वर्षापर्यंत करून पाहावा. विक्समध्ये बांधलेली साइट तिथून जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. वर्गणी परवडेनाशी झाली की गिऱ्हाइकाचे काम पहिल्यापासून करावे लागते, आणि नाव खराब होते ते करून देणाऱ्याचे. वर्डप्रेसमध्ये मजकूर निदान निर्यात करता येतो, म्हणून दोन्हींत निवड करायची तर मी वर्डप्रेस सुचवीन. साध्या पाच पानांच्या साइटला तर तेही लागत नाही. एचटीएमएल आणि सीएसएसच्या मोजक्या फाइली गिटहब पेजेससारख्या ठिकाणी फुकट ठेवता येतात, त्यांना डेटाबेस नसल्याने अद्ययावत करण्याची कटकट नाही, आणि हॅक होण्याची भीतीही बरीच कमी. गिऱ्हाइकाला त्या फाइलींची प्रत द्यावी आणि डोमेन त्याच्याच नावावर, त्याच्याच ई-मेलने घ्यावे. ज्याचे दुकान त्याचा पत्ता, ही साधी नीती आहे.

दुसरा आक्षेप ताजा आहे : आता एआय सगळा कोड लिहून देतो, मग कशाला शिकायचे? देतो हे खरे, आणि बऱ्याचदा चांगला देतो. पण पेढ्याच्या दुकानाचे पान मागितल्यावर त्याने भाषा इंग्रजी लिहिली, दराच्या तक्त्याऐवजी नुसत्या चौकटी रचल्या, फोटोंची वर्णने गाळली, तर ते कोण ओळखणार? लिहिण्याचे कष्ट कमी झाले तसे वाचता येण्याचे मोल वाढले आहे. ज्याला एचटीएमएल वाचता येते तो एआयकडून दहा मिनिटांत काम करून घेऊन पुढच्या दहा मिनिटांत ते तपासतो; ज्याला येत नाही तो जे मिळेल ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो. माझ्या दृष्टीने शिकण्याच्या पहिल्या महिन्यात एआयकडून कोड घेऊच नये. चूक का झाली हे त्याला जरूर विचारावे, उत्तर वाचून दुरुस्ती मात्र स्वतःच्या हाताने टाइप करावी.

तिसरी अडचण मनातली असते : आम्ही मराठी किंवा कन्नड माध्यमातले, इंग्रजी कच्चे, कोडिंग आमचे काम नाही. एचटीएमएलमध्ये शंभराच्या थोडे वर टॅग आहेत, आणि त्यांतल्या वीसेक टॅगांत साध्या साइटचे जवळजवळ सगळे काम भागते. या खुणा म्हणजे दोन-चार अक्षरी चिन्हे आहेत, त्यांना व्याकरण नाही. मधला मजकूर आपल्याच भाषेत लिहायचा असतो. शिवाय ही भाषा क्षमाशील आहे. एखादा कंस बंद करायचा राहिला तरी ब्राउझर पान दाखवतोच, म्हणून नवख्याचा धीर सुटत नाही. त्या क्षमेचा तोटाही आहे, चुका दिसत नाहीत. त्यासाठी वेबचे निकष ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेच्या फुकट तपासणी-पानावर आपला कोड टाकून पाहण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावावी. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात इंकस्केप, जिंप अशा मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठी आणि कन्नडसह अनेक भारतीय भाषांत फुकट मिळतात. चित्रांच्या कामासाठी त्यांचा उपयोग होईल. संगणक साधा असला तरी चालतो. एडिटर म्हणून व्हीएस कोड फुकट आहे, ब्राउझर फुकट आहे. महागडा संगणक आणि महिन्याची वर्गणी लागते ती ॲडॉबीच्या मोठ्या साधनांना, तीही पुढच्या टप्प्यात.

महिना झाला की चित्रसाधनांकडे वळावे, आणि मनापासून वळावे, कारण मांडणीचे चार पर्याय झटपट पाहण्यासाठी त्यांच्यासारखे दुसरे काही नाही. फिग्मात, किंवा मुक्त आणि फुकट हवे असेल तर पेनपॉटमध्ये, आधी मोबाइलच्या अरुंद चौकटीत आराखडा करावा, मग रुंद पडद्याचा. आराखड्यात मजकूर खरा टाकावा. लॅटिनचा भरताड मजकूर टाकून केलेला आराखडा ‘हुबळी-धारवाड महानगरपालिका’ एवढे लांब शीर्षक आले की मोडतो. ड्रीमवीव्हर वापरायचेच असेल तर त्यातली दुभंगलेली खिडकी उघडी ठेवावी, एका बाजूला पान आणि दुसऱ्या बाजूला कोड. माऊसने एक गोष्ट हलवली की कोडमध्ये काय बदलले ते वाचावे. वर्डप्रेसमध्ये बहुतेक ब्लॉकना ‘एचटीएमएल म्हणून संपादन’ असा पर्याय असतो, तो अधूनमधून उघडून पाहावा. जावास्क्रिप्ट त्यानंतर. घाई नको.

क्लास लावायचा असेल तर फी विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. पहिल्या महिन्यात नोटपॅडवर लिहून घेता का? शेवटच्या प्रकल्पाच्या फाइली विद्यार्थ्याच्या हातात देता का? मराठी किंवा कन्नड पान करून घेता का? तिन्हींना होकार मिळाला तर बिनधास्त नाव घालावे. क्लास चालवणाऱ्यांनाही विनंती आहे, अभ्यासक्रमातले पहिले उदाहरण इंग्रजी ‘हॅलो वर्ल्ड’चे ठेवू नका. आपल्या गल्लीतल्या एखाद्या खऱ्या दुकानाचे, वाचनालयाचे किंवा भजनी मंडळाचे पान मराठीत आणि कन्नडमध्ये करायला लावा, पहिल्याच दिवशी ‘लँग’ शिकवा, आणि ते पान विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर उघडून दाखवा.